लिंबाची पांढरी साल

नणंदेने केकचा कोपरा मोडून जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि घास हळूहळू घोळवला. मग म्हणाली,

“छान झालाय, वहिनी. अगदी बेकरीतल्यासारखा.”

ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुनेला टोमणा बरोबर पोचला. संध्याकाळी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला साठ माणसं जमणार होती. सासूबाई तिथल्या ग्रंथपाल. तीस वर्षं हा लिंबाचा केक त्यांच्याच हातचा. यंदा त्या नव्हत्या.

“काय कमी आहे, ताई?”

“कमी नाही गं. आईच्या केकला शेवटी एक कडवट टोक असायचं. वरच्या क्रीमलासुद्धा. ते नाही.” हात झटकत ती उठली. “जाऊ दे. आईचा हात तो आईचा हात. मी पुढे होऊन खुर्च्या मांडते.”

जाताना दाराजवळ तिने किंचित वळसा घेतला. घरातले सगळेच तिथून तसे जात. अकरा महिन्यांपूर्वी झाडताना सुनेने स्टूल तिथे सरकवलं होतं, आणि भरदुपारी, लख्ख उजेडात सासूबाई त्याला अडखळून पडल्या, त्या उठल्याच नाहीत. सुनेला कुणी बोल लावला नाही. तुझा दोष नाही, असंही कुणी म्हटलं नाही. स्टूल माळ्यावर गेलं. त्याची जागा मात्र सुनेच्या मागे मागे फिरत राहिली, वाढताना पाठीशी, निजताना उशाशी.

क्रीम अजून व्हायचं होतं. तिने लिंबू किसणीवर धरलं. कडू असतो तो पिवळ्या सालीखालचा पांढरा थर. सासूबाईंनीच शिकवलं होतं, “पिवळं तेवढं घ्यायचं. सोनं घ्यावं, चुना सोडावा.” आणि त्यांचा केक आधी कडू नसायचाच. ते टोक आलं शेवटच्या दोन वर्षांत.

किसणी थांबली. त्या दोन वर्षांत सासूबाई किसताना खिडकीकडे बघत असायच्या आणि बोटं लिंबावरून चाचपत फिरायची. “सवयीचे हात बघा,” असं सून कौतुकाने म्हणायची.

तिने डोळे मिटले. लिंबू फिरवलं, किसलं, फिरवलं, किसलं. क्षणभर वाटलं, मनगटं आपली नाहीत. डोळे उघडले तेव्हा वाटीत पिवळ्याबरोबर पांढरं पडलं होतं.

उरलेली लिंबंही तिने तशीच किसली आणि सगळं क्रीममध्ये घोटलं.

सासरे चहाचा कप ठेवायला आत आले. “बघू,” म्हणत त्यांनी बोटभर क्रीम चाटलं, आणि बोट ओठांवरच राहिलं.

“त्यांना दिसत नव्हतं ना, बाबा?”

सासरे खुर्चीवर टेकले.

“अंधुक दिसायचं. वस्तू जागच्या जागी असली की भागायचं तिचं. शपथ घातली होती मला. ग्रंथपालाला दिसत नाही कळलं, तर उद्याच घरी बसवतील म्हणाली.”

“आणि त्या गेल्यावर? तेव्हा कुणाची शपथ होती?”

त्यांनी कपाची कड अंगठ्याने पुसली, पुन्हा पुसली.

“लोक म्हणाले असते, माहीत होतं तर एकटी कशी सोडली.”

सुनेने ओटा पुसून घेतला. तिने तिन्ही केक ओळीने मांडले, क्रीमचं पातेलं सासऱ्यांपुढे सरकवलं आणि चपटी सुरी त्यांच्या हातात दिली.

“तुम्ही लावा. कडेपर्यंत न्या.”

ते लावू लागले. क्रीम कडेपर्यंत पसरत गेलं.

“आणि पहिला तुकडा ताईंना तुम्हीच द्या,” पदराला हात पुसत ती म्हणाली. “चव लागली की त्या विचारतील, कशी जमली म्हणून.”