हातभर वळण

त्या रविवारी दुपारी मी गेले तेव्हा बाबा संगणकासमोर पाठमोरे बसले होते आणि शेजारच्या स्टुलावर चिमणी मांडी घालून बसली होती. चिमणी म्हणजे माझी भावजय, धाकट्याची बायको. आवाज बारीक आणि बडबड अखंड, म्हणून लग्नानंतर आठवडा व्हायच्या आत बाबांनी तिला हे नाव देऊन टाकलं. माझं नाव ठरवायला त्यांना महिना लागला होता, असं आई सांगायची.

"अजून थोडं सैल कर," बाबा म्हणाले.

"सैल म्हणजे कमी की जास्त?"

"सैल म्हणजे सैल. हात ऐसपैस फिरायला पाहिजे."

"म्हणजे कमी. मास्तर, तुमच्याशी बोलायला एक दुभाषी ठेवावा लागणार."

बाबा हसले. मी दारात उभी आहे हे दोघांनाही कळलं नव्हतं.

बाबांनी आयुष्यभर कोट शिवले. दुकान बंद केल्यावर ते हात मांडीवर ठेवून खिडकीत बसायला लागले, तेव्हा चिमणीने त्यांना तिच्या ऑनलाइन खेळात ओढलं. पाच जण इकडे, पाच जण तिकडे, सगळ्यांच्या हातात बंदुका. मला वाटलं होतं, चार दिवसांत कंटाळतील. पण त्या खेळात एक गोष्ट होती जिने त्यांना धरून ठेवलं. माउस किती सरकवला की पडद्यावरचा माणूस किती वळेल, हे प्रमाण ज्याचं त्याने ठरवायचं असतं. त्याला खेळणारे सेन्सिटिव्हिटी म्हणतात. जास्त ठेवली तर नुसतं मनगट हललं तरी माणूस गर्रकन फिरतो आणि नेम भलतीकडे जातो. कमी ठेवली तर नेम जागेवर राहतो, पण मागून कोणी आलं तर वळेपर्यंत कारभार आटोपलेला असतो. दुसऱ्याचं प्रमाण आपल्याला चालत नाही.

म्हणजे माप घेणंच झालं. बाबांनी ते तसंच घेतलं. आधी मुद्दाम फार सैल ठेवून खेळायचे, मग मुद्दाम फार घट्ट, मग दोन्हींच्या मधलं. पुन्हा त्यातलं जे बरं वाटेल त्याच्या बाजूला निम्मं सरकायचं. कोटाची ट्रायल घेतात तशी ते या आकड्याची ट्रायल घ्यायचे. बाजारातलं माउसपॅड त्यांना पसंत पडलं नाही. अस्तराचं कापड लावून बघितलं, ते निसरडं निघालं. शेवटी घट्ट विणीचं गॅबर्डिन एका फळीवर ताणून बसवलं आणि मनगटाला काचू नये म्हणून कडा आत दुमडून शिवून टाकल्या. पूर्ण एक गिरकी घ्यायला माउस किती सरकवावा लागतो, ते टेपने मोजायचे. टेप धरायला चिमणी असायची.

लहानपणी मी दुकानात गेले की ते म्हणायचे, "तू पुस्तक घेऊन बस. सुईला हात लावू नकोस." मी पुस्तक घेऊन बसले. इतकी बसले की पुढे तोच माझा पोटापाण्याचा उद्योग झाला. पण टेपचं दुसरं टोक त्यांनी मला कधी धरायला दिलं नाही.

"अरे, प्राध्यापकीणबाई!" त्यांनी वळून पाहिलं. "कधी आलीस? चहा टाक बघू सगळ्यांना. आमचा इथे फार नाजूक मामला चाललाय."

"दिसतंय. कोणाला मारताय?"

"आज कोणालाच नाही," चिमणी म्हणाली. "आज नुसतं माप. ताई, मला साखर कमी हं."

मी तीन कप चहा केला. त्यांचे दोन कप गार होऊन त्यांवर साय धरली. मी माझा पिऊन टाकला, तेवढ्यात बाहेरून आलेल्या धाकट्याशी घरपट्टीबद्दल बोलले आणि निघाले. "येते," असं मी दारातून म्हणाले, त्यावर बाबांनी डावा हात वर केला. उजवा माउसवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते कोसळले. मी पोचले तेव्हा दवाखान्यात नेण्यासारखं काही उरलं नव्हतं.

माणसं येत राहिली. जुनी गिऱ्हाइकं आली, बाबांनी शिवलेले कोट घालून. शेजारी आले. आणि चिमणीचा फोन वाजत राहिला. ते सगळे खेळातले लोक होते. त्यांनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त हेडफोनमधून ऐकलं होतं. चिमणी रडत रडत एकेकाला सांगत होती, मास्तर गेले. एकदा तिने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे एक तरुण बाई होती.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं.

"मी त्यांची मुलगी."

"हो का? मास्तर सुनेबद्दलच बोलायचे. मला वाटलं… माफ करा हं."

मी माफ केलं, म्हणजे तसं म्हणाले. पण ते वाक्य पायात काटा मोडावा तसं आत राहिलं. कॉलेजात तास घेताना, बसमध्ये, भांडी घासताना ते टोचत राहिलं.

काही आठवड्यांनी धाकट्याने बोलावलं. बाबांची खोली आवरायची होती. "ताई, तुला काय हवं ते आधी घे," तो म्हणाला. मोठी कात्री, इस्त्री, काचेची बरणीभर बटणं त्याने पलंगावर मांडून ठेवली होती. मी बाबांची मुलगी, म्हणजे कात्री मागणार, असं तो धरून चालला होता.

"मला तो माउस हवा," मी म्हणाले. "आणि खालची फळी."

धाकटा हसला. मी हसत नाही हे पाहून तो चिमणीकडे बघायला लागला.

"तू खेळतेस कुठे?" त्याने विचारलं.

"कात्री घेऊन तरी मी काय कापणार आहे?"

नेहमी इतकं बोलणारी चिमणी गप्प बसली, आणि मला आतून बरं वाटलं. तिचं काहीतरी मी घेत होते. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, पण वाटलं ते खरं.

"घ्या," ती शेवटी म्हणाली. "पण आधी एकदा बसून बघा ना. मग न्या."

धाकटा बटणांची बरणी घेऊन बाहेर गेला. मी बाबांच्या खुर्चीत बसले. तिने सरावाचा भाग सुरू करून दिला. तिथे पुतळे उभे असतात आणि कोणी खरं मरत नाही. मी माउस सरकवला. पडद्यावरचा माणूस जेमतेम खांदा हलवल्यासारखा वळला. आणखी सरकवला. फळीची कड आली, माउस उचलून परत अलीकडे ठेवला, पुन्हा सरकवला. मागचा पुतळा दिसेपर्यंत मी दमले.

"हे बिघडलंय का?"

"नाही. हे त्यांचं आहे. एक गिरकी म्हणजे त्यांचा अख्खा हातभर. खांद्यातून फिरवायचे, मोठी कात्री चालवल्यासारखं. तुमचं वेगळं निघेल."

"इतकं सैल? यात काय खेळायचे ते?"

"सुरुवातीला एवढं नव्हतं. मग करत गेलो." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "हात थरथरायला लागला होता ना त्यांचा. घट्ट ठेवलं की ते पडद्यावर दिसायचं. नेम थांबायचाच नाही. सैल केलं की तेवढी थरथर दिसत नाही, हात मोठा फिरतो. त्या रविवारी तेच चाललं होतं. शेवटी जमलं. खूश होते."

माझा हात माउसवरच होता.

"कधीपासून थरथरत होता?"

"दुकान बंद करायच्या आधीपासून. म्हणूनच तर बंद केलं."

"धाकट्याला माहीत होतं?"

"नाही. मलाही त्यांनी सांगितलं नाही, ताई. शेजारी बसून दिसलं. मग म्हणाले, ताईला सांगू नकोस, ती डॉक्टरकीची चार पुस्तकं वाचून येईल."

ते अगदी बाबांचं वाक्य होतं. मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग असा संताप आला की मी खुर्ची मागे सारली. दुकान बंद केलं तेव्हा मी त्यांना म्हणाले होते, बरं झालं, आता आराम करा. ते म्हणाले होते, हो, कंटाळा आला. मी ते खरं मानलं. आणि ही स्टुलावर बसून त्यांचा हात बघत होती.

"तुम्ही रागावलात," चिमणी म्हणाली. "मी सांगायला हवं होतं का? पण मला वाटायचं, तुम्हाला या खेळाचा तिटकारा आहे. तुम्ही आलात की चहा करून लगेच आत निघून जायचात. मास्तरही म्हणायचे, तिला कशाला बसवायचं, तिला आवडायचं नाही. तुम्हाला बसायचंच नव्हतं ना कधी?"

बाहेरून बरणीतली बटणं ओतल्याचा आवाज आला. 'नव्हतं' एवढं म्हणून उठता आलं असतं. माउस पिशवीत घालून घरी नेता आला असता आणि एखाद्या खणात ठेवून देता आला असता.

"होतं," मी म्हणाले. "दर वेळी होतं. तुझ्या स्टुलावर बसायचं होतं, तू उठून जावंस आणि मी बसावं असं वाटायचं. बाबा एकदा तरी म्हणतील, बस गं, टेप धर, म्हणून मी रविवारी यायचे. मला तुझा हेवा वाटायचा, चिमणे. आत्ताही वाटतोय."