प्रमुख पाहुण्यांचे दोन शब्द

आर्णीत नवीन काहीही उघडलं की फीत कापायला यज्ञेश्वर पांढरीपांडे लागत. पुढारी वेळेवर येत नाहीत, डॉक्टरांना पेशंट असतात. यज्ञेश्वररावांना मात्र सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून कुठंच जायचं नसे, त्यामुळे ते कुठंही जात. शिवाय त्यांचं बोलणं भारदस्त होतं. आजवर दोन किराणा दुकानं, एक पिठाची गिरणी आणि स्मशानातली एक शेड त्यांच्या हस्ते खुली झाली होती. शेडच्या वेळी सवयीनं ते "या उपक्रमाची उत्तरोत्तर भरभराट होवो" असं बोलून गेले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

अशा समारंभांतून घरी शाली फार साठल्या. त्यांच्या पत्नी सुचित्राबाईंनी एक शिलाई मशीनवर घातली, एक कूलरवर घातली, आणि बाकीच्या येईल त्या मोलकरणीला देऊन टाकल्या. कपाटात जपून ठेवलेली अशी एकच होती, करुणासिंधू नर्सिंग अकॅडमीची. तिचा पोत बरा होता. दिवाळीपासून मात्र ते कपाट उघडलं की यज्ञेश्वरराव दुसरीकडे बघत.

ही अकॅडमी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर निघाली, त्याला वर्ष होत आलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी यज्ञेश्वररावांनी सगळं हिंडून पाहिलं. एक लोखंडी खाट होती, एक हात नसलेला प्लॅस्टिकचा सांगाडा होता, आणि भिंतीवर संस्थापक सलीलसरांचा मोठा फोटो होता. यज्ञेश्वररावांची नजर जुन्या सवयीनं भिंतीवर दुसरंच काही शोधत होती. नोकरीभर त्यांनी समोर येईल त्याला एकच प्रश्न विचारला होता: मान्यतेचा कागद कुठाय? त्याच्यावाचून त्यांनी कुणाच्या अर्जाला हात लावला नव्हता. तोच प्रश्न त्यांच्या ओठांवर आला, आणि नेमकी तेव्हाच सलीलसरांनी त्यांच्या खांद्यावर शाल घातली. खांद्यावर शाल आल्यावर मान्यता विचारायची आपल्याकडे रीत नाही. यज्ञेश्वरराव नारळ सांभाळत माइककडे गेले आणि म्हणाले, "आपल्या लेकींना डोळे झाकून इथे धाडा."

समोर फुलसावंगीचे बबनराव बसले होते. कापूस-सोयाबीनवाला माणूस. त्यांची बहीण विमलताई यज्ञेश्वररावांच्याच गल्लीत राहायची, म्हणून ओळख. बबनरावांची पोरगी खुशी बारावी झाली होती आणि तिला नर्स व्हायचं होतं. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच आले, चपला बाहेर काढून खुर्चीच्या टोकावर बसले.

"साहेब, पोट्टी म्हनते सरकारी शाळेत दोन सालाचा कोर्स असते. फी कमी हाय म्हनते. पन परीक्षा द्या लागते. तिकडं धाडू का हे कालचं पक्कं हाय?"

सरकारी शाळेची यज्ञेश्वररावांना काही माहिती नव्हती. पण माहीत नाही असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

"सरकारी म्हणजे परीक्षा, यादी, प्रतीक्षा यादी," ते म्हणाले. "कशाला त्या नादी लागता? इथं घराजवळ आहे. वर्षात हातात सर्टिफिकेट. आणि मी आहे ना."

"मंग झालं," बबनराव म्हणाले. त्या वर्षीची तूर बाजारातून थेट अकॅडमीच्या खात्यात गेली.

खुशी विमलताईकडे राहायला आली. पोरगी कामसू. अकॅडमीत पेशंट नव्हते, म्हणून सरावासाठी ती गल्लीतले म्हातारे वापरायची, आणि यज्ञेश्वरराव त्यांत पहिले. पांढरा कोट घालून रोज संध्याकाळी यायची, त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळायची, कानात नळ्या घालून फुगा दाबायची.

"काका, एकशेवीस-ऐंशी. एकदम फस्कलास."

"वा," यज्ञेश्वरराव म्हणायचे. "ऐकलंत? फस्कलास."

"मीठ मीच घालते ना," सुचित्राबाई आतून म्हणायच्या.

दिवाळीत पुतणी मिताली आली. ती यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे. फराळ करता करता काकांनी कौतुकानं अकॅडमीचा विषय काढला. मितालीनं चकलीचा तुकडा तसाच हातात धरला.

"नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का तिला?"

"असेल की."

मितालीनं फोन काढून बराच वेळ पाहिलं, एकदोघींना विचारलं, आणि सांगितलं की नाही. तिथलं सर्टिफिकेट कुठल्याच चांगल्या दवाखान्यात चालणार नाही. फार तर एखादा डॉक्टर झाडूपोछ्याच्या पगारावर ठेवून घेईल आणि नर्स म्हणून हाक मारेल.

"आणि काका, सरकारी शाळेची दोन वर्षांची फी या लोकांच्या युनिफॉर्मच्या खर्चात भागली असती. तिला कुणी सांगितलं इथं जायला?"

यज्ञेश्वरराव चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिले. सुचित्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्या दिवसापासून यज्ञेश्वररावांना खुशीच्या चपलांचा आवाज ओळखू येऊ लागला. कधी ते मागच्या दारानं भाजीला जात, घरात भाजी असताना. पण पोरगी चिकट. परत येईपर्यंत ओट्यावर बसून राहायची. मग पट्टा, फुगा, आणि पुन्हा तेच, "एकशेवीस-ऐंशी." मनात एवढं काहूर आणि रक्तदाब मात्र आदर्श. आपलं रक्तसुद्धा कचेरीतच मुरलेलं दिसतं, असं यज्ञेश्वररावांना वाटायचं.

"सांगून टाका तिला," सुचित्राबाई म्हणायच्या.

"योग्य वेळ आली की सांगू."

"फाइल आहे का ती?"

फाइलच होती एका अर्थी. संक्रांत होऊन गेली, बबनरावांकडून हुरडा येऊन गेला. तो खाताना यज्ञेश्वररावांना दोनदा ठसका लागला. मग मितालीचा फोन आला. सरकारी प्रवेशपरीक्षेचे फॉर्म सुटले होते, थोडेच दिवस उरले होते. "यंदाही चुकलं तर पोरीचं आणखी एक वर्ष गेलं, काका. तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो," यज्ञेश्वरराव म्हणाले. त्याच दुपारी सलीलसर पेढे घेऊन आले. अकॅडमीच्या पहिल्या बॅचचा प्रमाणपत्र वितरण सोहळा रविवारी होता आणि प्रमुख पाहुणे अर्थातच यज्ञेश्वरराव. खुशी बॅचमध्ये पहिली आली होती.

त्यांनी ठरवलं, तिथंच सांगायचं. जिथं चुकलं तिथंच, माइकवरून. शनिवारभर ते भाषण लिहीत होते.

मंगल कार्यालय भरलं होतं. गावागावाहून आयाबाप आले होते. मुली पांढऱ्या कोटात एका ओळीत बसल्या होत्या. शाल आली, नारळ आला. यज्ञेश्वरराव उठले. पहिल्या रांगेत बबनराव नवा सदरा घालून त्यांच्याकडेच बघत होते. कागदावर लिहिलेलं सरळ होतं. तोंडातून निघालं ते असं:

"मान्यता ही समाजाने द्यावयाची असते हे जितके खरे, तितकेच काही मान्यता शासनाधीन असतात हेही नाकारता येत नाही. त्यांच्या अभावी कर्तृत्वाच्या समईत वात असूनही तेलाची वानवा भासते. आणि याचे उत्तरदायित्व, काही अंशी, या व्यासपीठावरील ज्येष्ठांकडेही येतेच येते."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जोरात सलीलसर वाजवत होते. यज्ञेश्वरराव थोडा वेळ उभेच राहिले. आपण सांगितलं, असं त्यांना क्षणभर वाटलंसुद्धा.

मग खुशीचं नाव पुकारलं गेलं. तिनं वाकून पाया पडून प्रमाणपत्र घेतलं. फोटोवाला म्हणाला, "काका, जरा हसा." यज्ञेश्वरराव हसले. तो फोटो पुढं अकॅडमीच्या जाहिरातीत आला आणि त्यात त्यांचं हसू चांगलं आलेलं आहे.

जेवणं सुरू झाली. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलबी. यज्ञेश्वरराव ताट घेऊन खांबाआड उभे होते. बबनराव त्यांना हुडकत आले आणि आपल्या ताटातली जिलबी त्यांच्या ताटात ठेवली.

"साहेब, भाषन लय झकास झालं."

"काय समजलं तुम्हाला?"

"समजाले कायले पाहिजे? तुमी बोलले न."

हे ऐकून यज्ञेश्वररावांना ती जिलबी ताटात जड वाटू लागली. त्यांनी ताट खाली ठेवलं.

"बबनराव, हे सर्टिफिकेट चालत नाही. कुठंच. या लोकांना मान्यता नाही."

बबनराव हसले. मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले.

"काय म्हनून राह्यले साहेब?"

"खुशीला यानं नर्स होता येणार नाही. सरकारी शाळेतच जायला हवं होतं. तुम्ही विचारलं होतं, मी नको म्हणालो."

बबनरावांनीही आपलं ताट खाली ठेवलं.

"तुमाले कवा मालूम पडलं?"

"दिवाळीत."

"आता होळी येऊन राह्यली."

"हो."

"हुरडा धाडला होता म्या. तवा मालूम होतं?"

"होतं."

"आन फीत कापली तवा?"

"तेव्हा माहीत नव्हतं. विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही."

"काहून?"

यज्ञेश्वररावांनी खूप शोधलं. नोकरीत त्यांना प्रत्येक गोष्टीचं कारण लिहिता यायचं.

"शाल घातली होती," ते म्हणाले.

बबनरावांनी त्यांच्या खांद्यावरच्या आजच्या शालीकडे पाहिलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"तवा तुमी माइकवर सांगतलं होतं," ते म्हणाले. "इथं बाकीच्याइच्या बी पोट्ट्या हायेत. आता बी माइकवर जाऊन सांगा. पन मले सांगतलं तसं. मघाच्यासारखं नोको."

माइकवाला वायर गुंडाळत होता. यज्ञेश्वररावांनी त्याला थांबवलं. खांद्यावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि तीच भाषा धरली जी ते पोरपणी गल्लीत बोलत आणि कचेरीत कधी बोलले नाहीत.

"ऐका. ह्या शाळेले मान्यता नाई. हे सर्टिफिकेट दवाखान्यात चालत नाई. म्या तुमाले सांगतलं होतं पोरी इथं धाडा, ते चुकीचं सांगतलं होतं. न इचारता सांगतलं होतं. सरकारी परीक्षेचा फॉर्म अजून भरता येते, लवकर भरा. कोनाले समजत नसन तर माह्या घरी या."

"साहेब, लोक जेवून राह्यले," सलीलसर हलकेच म्हणाले. "मान्यता प्रोसेसमध्ये आहे."

"मंग कागद दाखवा," यज्ञेश्वरराव म्हणाले. वर्षभर उशिरा.

टाळी एकही वाजली नाही. त्यांच्या आयुष्यात लोकांनी ऐकलेलं ते पहिलंच भाषण. खुशी कोटाच्या बाहीनं प्रमाणपत्राची गुंडाळी पुसत होती, तिच्यावर काही सांडलेलं नसताना. यज्ञेश्वरराव तिच्याकडे गेले, तर ती पाणी आणायला निघून गेली.

त्यानंतर कितीतरी जण घरी येऊन गेले. कुणी शिव्या दिल्या, कुणी नुसतं फॉर्मचं विचारलं. यज्ञेश्वरराव दोन्ही ऐकून घेत आणि मितालीला फोन लावून देत. संध्याकाळी ते ओट्यावर बसत. खुशीच्या चपला वाजत नसत. पूर्वी ज्या आवाजाला ते मागच्या दारानं पळत, त्याचीच आता वाट बघत होते, आणि भाजी संपलेली असतानाही बाजारात जात नव्हते.

ती आली तेव्हा यज्ञेश्वरराव ताटलीतला पापड खात होते. तिच्या अंगात कोट नव्हता. हातात पट्ट्याची पिशवी मात्र होती.

"फारम भरला," ती उभ्यानंच म्हणाली. "मितालीताई परवा आलती, तिनंच भरून देल्ला. जनरल नॉलेज तुमी शिकवान काय? बाबा म्हनले, त्या मानसासंगं बोलू नोको. पन शिकाले जाय."

"बरं," यज्ञेश्वरराव म्हणाले. "न बोलता शिकवतो."

खुशी हसली नाही. खुर्ची ओढून बसली. "पहिले हात द्या."

पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. या वेळी ती फार वेळ ऐकत होती, डोळे मिटून. हवा सोडली, पुन्हा भरली.

"काका, एक सांगू? मले आधी कधीच काही ऐकू येत नव्हतं. सर म्हनत, एकशेवीस-ऐंशी सांगत जा, म्हातारे खूश राहतात. तुमी बी खूश व्हत होते." ती पट्ट्याकडे बघत बोलत होती. "परवा मितालीताईनं शिकवलं."

"मग? आज आलं ऐकू?"

"एकशेसत्तर. खालचं शंभर. उद्या सकाळीच डॉक्टरकडे जा."

यज्ञेश्वररावांनी मान डोलावली. दिवाळीपासून पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.

सुचित्राबाई बाहेर आल्या. त्यांनी यज्ञेश्वररावांच्या ताटलीतला पापड उचलला आणि खुशीपुढं ठेवला.