बऱ्या दिवसांची नोंद

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात आठ दिवस मशीन थांबलं नव्हतं. त्यांची मुलगी ठमी पहाटे चारलाच उठून बसायची आणि दुपारपर्यंत तीन माणसांचं काम हातावेगळं करायची. त्याआधी तीन महिने हीच पोरगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. केस विंचरणंसुद्धा तिला झेपत नव्हतं. आता तिने बँडवाल्यांचे साठ कोट अंगावर घेतले होते, वर शाळेचे गणवेशही घेणार म्हणत होती. बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला फट ठेवत नव्हती.

शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, "सुटलात मास्तर. पोरगी माणसात आली."

"आली खरी," मास्तर म्हणाले आणि हातातलं कापड न कापताच घडी करून ठेवलं.

ही घोडदौड त्यांनी आधी पाहिली होती. ठमीच्या आईची. वर्षातून दोन-तीनदा ती अशीच आठवडाभर सुटायची. बाह्या लावताना गाणी म्हणायची, गिऱ्हाइकांना हसवून बेजार करायची. मास्तर त्या दिवसांत खुशीत असायचे. मग ती उदास होऊन पडायची, ती महिनोन् महिने. तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोजचं लिहून आणा. मास्तरांनी मापांची एक जुनी वही घेतली. शिवणाऱ्यांची सवय अशी की कपडा अंगावर नीट बसला तर वहीत काही लिहीत नाहीत. जिथे ओढतो, जिथे झोळ पडतो, तेवढंच लिहितात. मास्तरांनी तसंच लिहिलं. आज जेवली नाही. आज रडली. चांगल्या दिवसांची पानं कोरी. डॉक्टरांनी भरलेली पानं वाचली आणि उदासीची गोळी दिली. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने स्वतःला संपवलं.

मास्तरांच्या हट्टापायी दवाखान्यात जाताना ठमीने बसमध्येच बजावलं, "बाबा, मी पडून होते तेवढंच सांगा. आत्ताचं अवाक्षर काढायचं नाही. माझे साठ कोट आहेत."

"आणि विचारलं तर?"

"तर मुलगी बरी आहे म्हणा. खोटं आहे का? तुम्हाला ना, तोंड पाडून बसायला कारणच लागतं."

इथल्या डॉक्टरबाई नव्या होत्या. तीन महिन्यांची हकिगत ऐकून त्यांनी विचारलं, "कधी याच्या उलटं होतं का? झोप कमी आणि उत्साह जास्त?"

ठमी म्हणाली, "नाही."

मास्तर म्हणाले, "असं का विचारता?"

"कारण बायपोलर आजार एका मापाचा नसतो. पहिल्या प्रकारात माणूस इतका वर जातो की घराला आवरत नाही. झोप नाही, भलतंच बोलणं, कधी इस्पितळात ठेवावं लागतं. दुसऱ्या प्रकारात चढ बेताचा. माणूस नुसता तरतरीत दिसतो, घरच्यांना बरंच वाटतं. उतार मात्र खोल आणि लांब. आणखी एका प्रकारात चढउतार लहान, पण वर्षानुवर्षं. लोक म्हणतात, स्वभावच तसा."

"म्हणजे दुसरा सौम्य."

"नाही हो. त्यातही माणसं जीव देतात. आणि उतारच तेवढा सांगितला, तर आम्ही नुसतं उदासीचं औषध देऊन बसतो. ते काहींच्या अंगावर उलटतं."

ठमीने टेबलाखालून त्यांचा पाय दाबला. ते तिच्याकडे न बघता बोलले.

"आठ दिवस ही तीन तासांवर झोपलेली नाही. हिची आईपण अशीच व्हायची. ते मी कुणालाच सांगितलं नाही."

ठमी उठून बाहेर गेली.

पुढे दोन-तीनदा तपासण्या झाल्या, दुसरा प्रकार ठरला, औषध बदललं. ती गोळ्या घ्यायची, पण बापाशी बोलायची नाही. त्या औषधाने तिचा हात हळू चालायला लागला, बोटं किंचित थरथरायची. बाईंनी मात्रा कमी केली, पण तोवर बँडवाले उरलेले बेचाळीस कोट दुसरीकडे घेऊन गेले. त्या संध्याकाळी दुकान आवरताना ती महिन्याभरात पहिल्यांदा बोलली.

"आईच्या वेळी का नाही बोललात?"

मास्तर खडू पुसत राहिले. डॉक्टरांनी विचारलं नाही म्हणून, असं म्हणता आलं असतं.

"मला ती तशीच आवडायची," ते म्हणाले. "वाटायचं, ही खरी ती. बाकीचं आजारपण."

ठमीने मशीनवर हात ठेवला.

"मलापण तीच आवडायची," ती म्हणाली. "आणि मी स्वतःलापण तशीच आवडते, बाबा. त्याचं काय करायचं?"

मास्तर स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले.