भुताला मुभा, सुनेला नाही

पाथर्डीकडच्या एका वाडीत, भर दुपारी, घमेल्यातल्या निखाऱ्यांवर मिरच्या पडल्या आणि राहीबाईचा श्वास पुन्हा अडकला. छाती धाडधाड उडू लागली. हातापायांना मुंग्या, तोंडाला कोरड. आता मरतेच, एवढंच तिला कळत होतं.

"कोन हाईस? काय पायजे तुला? बोल!" देवऋषीनं केसांना हिसका दिला. नवऱ्यानं, बन्सीनं, दंड आवळून धरले होते.

राहीबाई धुरानं खोकत राहिली. दुष्काळात विहीर खोदताना दरड कोसळून तिचा भाऊ गेला होता. सांगावा नेमका संक्रांतीला आला. "सणाला रडू नये गं," सासू गोजरबाई म्हणाली. राहीबाईनं पदर तोंडात कोंबून पोळ्या लाटल्या. पुढं दुष्काळी कामावर खडी फोडताना पहिला झटका आला. मग झटक्याचीच धास्ती बसली. रडू दाटलं तरी वाटे, आला झटका! राग आला तरी तेच. दुःख कुठलं, राग कुठला, तिला ओळखूच येईना.

"विझवा आधी ते!" लस टोचायला गावात आलेली इंदू नर्स दारातून ओरडली.

"बाई, तुमी मधी पडू नगा. बाधा हाय ही," गोजरबाई म्हणाली.

"कसली बाधा? दवाखान्यात डॉक्टरांनी हिचं काळीज तपासलंय, ठणठणीत आहे. हा भीतीचा आजार आहे. भुताला विचारता, काय पाहिजे? सुनेला कधी विचारलंत?"

"तिला काय इचारायचं? खाती, पिती."

"विचारा तर!"

"इचारा, भूतच बोलंल," देवऋषी हसला.

गोजरबाई अवघडून खाली बसली. "राही... काय हुतंय गं तुला?"

"लई भ्या वाटतंय, आत्याबाई. दादा मातीखाली गुदमरला, तसा माझाबी जीव गुदमरतो. मला रडायचंय वो!"

गोजरबाई उठली. तिनं कळशी उचलली. टँकरपुढं ताटकळून मिळवलेलं पिण्याचं पाणी तिनं घमेल्यात ओतलं!

"रड, माझे बाई. मीच तुझं त्वांड बांधलं हुतं."

देवऋषी बडबडत निघून गेला. झटके पुढंही आले. औषधपाण्याला नगरला खेटे घालावे लागले. पण आता बन्सी जवळ बसून म्हणे, "हळू श्वास घे. जाईल हे. मी हाय."

वाचकहो, भूतबित काही नसतं. ज्या घरात बोलायला सुनेच्या अंगात यावं लागतं, त्या घरानं लाजेनं मान खाली घालावी. धुरी देणारे हात आवरा! माणसाला विचारा, ऐकून घ्या आणि दवाखान्याची वाट धरा.