मंगळावर उभा राहिलेला सुरण

मित्रांनो, मी एक जुना सुरण आहे, आणि माझ्यामुळे मंगळ ग्रहावरची एक मोठी लढाई रद्द झाली. एवढं बोलून गेलो खरा, पण तुम्ही ते ऐकलंच नाही असं समजा. अशी काही लढाई नव्हतीच. मी साधा कंद आहे. पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म कोल्हापुरात, अमीरबीच्या परसात, धुण्याच्या दगडामागे झाला. तो कसा झाला, हे मला नीट सांगता येत नाही. आमच्यात दरवर्षी जुना कंद आटतो आणि त्याच्याच जागी नवा धरतो. म्हणजे मी माझा बाप आहे की मुलगा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. थंडीत माझं पान वाळून पडतं. लोक म्हणतात, सुरण गेला. पावसाच्या तोंडावर मी वर येतो. लोक म्हणतात, सुरण आला. मी तर कुठे गेलेलोच नसतो.

माणूस चंद्रावर जाऊन आला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा फूल आलं. पान नाही, फांदी नाही, कोरड्या मातीतून थेट फूल. खाली मिटलेली झालर आणि तिच्यातून वर आलेला जांभळा, सुरकुतलेला गोळा. मला वाटलं, मला काहीतरी रोग झाला.

अमीरबीलाही तेच वाटलं. तिने घरात हाक मारली, "अवो, भाईर या! सुरणाला मेंदू फुटलाय!"

तिचा नवरा नबीलाल बाहेर आला. तो सिनेमाच्या एका स्टुडिओत देखावे उभे करायचा आणि त्या दिवसांत त्याला फार घोर लागला होता. गडहिंग्लजचे गुळाचे व्यापारी गणपतराव 'मंगळावरचं माहेर' नावाचा सिनेमा काढत होते. नायिकेचं माहेर मंगळावर असतं. ती रुसून तिकडे जाते आणि नायक तिला आणायला तिथलं जंगल तलवारीने तोडत जातो, अशी गोष्ट. ते जंगल नबीलालने करायचं होतं. त्याने एकदा पुठ्ठ्याचं करून दाखवलं होतं. गणपतराव म्हणाले होते, "नबीलाल, ह्यो ऊस हाय. जांभळा रंग दिला म्हणून काय मंगळ हुतोय व्हय? बघणारा म्हणला पायजे, हे आपल्याकडचं न्हाय. पुन्ना ऊस दिसला तर पिक्चर बंद, आन् तुझं कामबी बंद!"

काम बंद झालं तर म्हणून नबीलालच्या मेव्हण्याने शिरोलीच्या फौंड्रीत त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. नबीलाल भट्टीला भीत नव्हता. पण ज्याने जन्मभर नसलेले डोंगर उभे केले, त्याला रोज उठून असलेलं लोखंड ओतायचं जिवावर आलं होतं.

तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"ह्यो आपल्याच परसात हुता?"

"कधीपास्नं. दगडाच्या मागं कोण बघतंय?" अमीरबी म्हणाली.

मग त्याला एकेक आठवायला लागलं. आंबा घाटात बघितलेली, जाळीचा झगा घालून उभी राहिलेली अळंबी. कातळाच्या सड्यावरचं, चिकट थेंब लावून किडे खाणारं रोप. "आयला, मी येडा परग्रह शोधत बसलोय," तो म्हणाला, "आन् त्यो सगळा पायाखाली हाय की!"

मला मातीसकट तेलाच्या डब्यात घालून स्टुडिओत नेण्यात आलं. गोण्या, बांबू आणि प्लॅस्टर घेऊन माणसं भिडली आणि माझ्या, अळंबीच्या, रोपाच्या पुरुषभर उंच प्रती उभ्या राहिल्या. मी खरा, म्हणून मला कॅमेऱ्याच्या अगदी पुढ्यात ठेवलं. मागे माझ्यासारखे सगळे माझ्यापेक्षा मोठे होते. खरा कोण, याबद्दल माझाच गोंधळ झाला.

चित्रीकरणाच्या पहिल्या सकाळी माझी झालर उघडली. मित्रांनो, हे मी मुद्दाम केलं नाही. झालर उघडली की माझ्या अंगाला मेलेल्या उंदराचा वास येतो. माश्यांना बोलावण्याची आमची ती रीत आहे. स्टुडिओत सगळ्यांनी उंदीर शोधला. एक सापडलाही, पण तो जिवंत होता.

नबीलाल गणपतरावांना आणायला फाटकापाशी गेला आणि तेवढ्यात चिमणाबाई आली. ती कपडेपट सांभाळायची. पहिल्या दिवशी कॅमेरा, दिवे, ट्रॉली, सगळ्याला हळद-कुंकू लावायचा मान तिचा. एक जरी वस्तू सुटली तर पिक्चर पडतं, अशी तिची खात्री होती. तिने काहीही सोडलं नाही.

नबीलाल परत आला तेव्हा मंगळावरच्या झाडून सगळ्या झाडांना कुंकू होतं.

"चिमणाबाई, हे काय क्येलंस?"

"काय क्येलं? नव्या वस्तूला लावू नगं व्हय? तुझ्या ह्या घाणेरड्यालाबी नाक दाबून लावलंय!"

"पुसतो मी."

"कुंकू पुसतोस? पैल्या दिवशी? पूस की, हात लावून बघ!"

कुणीच हात लावला नाही. गणपतराव आत आले. जंगलाला एक फेरी मारून माझ्यापुढे थांबले आणि त्यांनी नाकाला उपरणं लावलं. नबीलाल खाली बघत होता.

"हे आपल्याकडचं न्हाय," गणपतराव म्हणाले. नबीलालने श्वास सोडला. "पर कुंकू आपल्याकडचं हाय. मंगळावर कुंकू कुणी लावलं?"

नबीलालने तो श्वास परत घेतला. "मालक, पोरीचं म्हायेर हाय न्हवं ते?"

गणपतराव वाकून माझ्या कुंकवाकडे बघत राहिले. मीही बघत राहिलो.

"व्हय की," ते म्हणाले. "म्हायेर म्हटल्यावर कुंकू असणारच. जंगल पास!"

एवढ्यात दुधाच्या किटलीतून आवाज आला. ती किटली अंतराळवीराचा टोप म्हणून नायकाच्या डोक्यावर होती. नायकाचं काम आकाराम पैलवान करत होता. "मी न्हाय तोडणार," किटली म्हणाली. "कुंकू लावल्याल्या झाडाला तलवार लावू व्हय? माझी आई पिक्चर बघायला येणार हाय."

मग नायक प्रत्येक झाडापुढे किटली वाकवून नमस्कार करत पुढे जातो, असं ठरलं. काहीच तुटलं नाही. जंगल सांभाळायला माणूस हवा, म्हणून नबीलालला गणपतरावांनी कायमचं ठेवून घेतलं. शिरोलीची जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

पुढे कागलला सिनेमाच्या तंबूत मला पडद्यावर बघून लोकांनी चपला काढल्या म्हणे. पण तोवर माझं फूल कुजून मी घरी आलो होतो. मग मला पान आलं. छान होतं, छत्रीसारखं. बघायला कुणी फिरकलं नाही. भाजी, रोगी, परग्रहवासी, देव, एवढं सगळं एका वर्षात होऊन मी पुन्हा धुण्याच्या दगडामागे होतो. परवा अमीरबी विळी घेऊन आली.

"काम झालं न्हवं ह्याचं? लोणचं घालते."

"कलाकाराचं लोणचं घालत्यात व्हय?" नबीलाल म्हणाला.

"मग काय कलाकाराची आरती करू? दाखवा कुठं लिवलंय ह्यो कलाकार हाय म्हणून!"

नबीलालने दाखवायला चार दिवस मागून घेतले. कुठेच लिहिलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, दारात काही विचित्र उगवलं तर लगेच उपटू नका. थोडं उकिडवं बसून बघा. ते कुणाच्या तरी कामी येईल. आणि सबब, मंगळ ग्रहावरील ज्या जमिनीत मी उभा होतो, तिच्या सातबाऱ्यावर तेथील तलाठ्यांनी समक्ष पीकपाहणी करून 'सुरण, एक, जिवंत, लोणच्यास नाही' अशी नोंद घ्यावी व तिची नक्कल विळी पडण्यापूर्वी अमीरबीस पोच करावी, ही नम्र विनंती.