पाहुण्यांचा गमबूट

मी गमबूट बोलतोय. डाव्या पायाचा. उजवाही इथेच आहे, शेजारच्या खुंटीवर, पण त्याला मी बोलू देणार नाही. एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नाही, आणि प्रत्येक गोष्टीत स्वतःलाच पुढे करतो. तेव्हा आज माझी पाळी.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. जन्म कसला, ओतकामच ते! साच्यात दाबलं, शिजवलं, बाहेर ओढलं, कडा कापल्या, झाला गमबूट तयार. लाड नाही, कौतुक नाही. तळव्यावर तेवढा दहा नंबर उमटवला. हा दहा नंबरच पुढे माझ्या आड आला.

मला विकत घेतलं एका बाईने. बंदराच्या मागच्या गल्लीत तिचा बिअरचा छोटासा कारखाना होता. चार चकचकीत टाक्या, एक भलंमोठं उकळायचं भांडं, जवाच्या गोण्या रचलेला माळा आणि पुढे लाकडी बाकं टाकलेली खोली. बाई सगळं एकटीने बघायची आणि नवरा बाटल्या भरून गाडी घेऊन गावभर फिरायचा. बिअर कशी बनते म्हणाल, तर भरडलेले जव गरम पाण्यात भिजवायचे, ते गोड पाणी गाळायचं, उकळायचं, गार करून यीस्ट घालायचं आणि टाकीत आंबत ठेवायचं. एवढं मलाही कळलं. पण हे सगळं आठवड्यातून दोनदा. उरलेले दिवस नुसतं धुणं! टाक्या धुवा, नळ्या धुवा, जमीन धुवा, धुवायचे ब्रश धुवा. मालकीण स्वतःच म्हणायची, "लोकांना वाटतं मी बिअर बनवते. अहो, मी भांडी घासते."

जमीन अशी कायम ओली, त्यात साबण-सोड्याचा फेस. म्हणून तिने नियमच करून टाकला होता. बाकांवर बसून चव घ्यायची तर खुशाल बसा, पण ज्याला टाक्या बघायच्या आहेत त्याने आपले बूट दाराशी काढायचे आणि गमबूट चढवायचे. पाहुण्यांसाठी तिने चार जोड आणून खुंट्यांना टांगले. त्यातला सर्वांत मोठा मी.

आणि तिथेच घोडं अडलं. दहा नंबरचा पाय कुणाचा नसायचाच. सात नंबर दिवसभर मिरवायचा, आठ नंबरला उसंत नसायची, आणि आम्ही दोघं आपले लटकलेले. माझ्यात तर कोळ्याने बिऱ्हाड थाटलं. मी राहू दिलं. रिकामं राहण्यापेक्षा भाडेकरू परवडला.

लटकून लटकून माणसं मात्र खूप बघितली. बंदराला मोठं जहाज लागलं की सहलीची माणसं बसमध्ये बसून शहर बघायला जात. त्यातली दोन-चार चुकार मात्र बस टाळून, हातातल्या फोनवर नकाशा बघत आमच्या गल्लीत शिरायची. आल्या आल्या फोटो. मग पहिला घोट, आणि लगेच डोळे मिटून गंभीर चेहरा. "अहाहा, फुलांचा वास येतोय!" कसली फुलं आणि कसलं काय! वास माझ्या शेजारच्या ओल्या मोज्यांचा असायचा.

माणसाचं तोंड काहीही बोलो. मी सांगतो, खरं काय ते पायाच्या अंगठ्याला विचारा. धीर सुटला की तो आत वळतो, राग आला की ताठतो, बरं वाटलं की सैल पडतो. हे सगळं मला सात नंबरने शिकवलं. स्वतः अनुभव घ्यायची वेळ आली ती त्या एका दिवशी.

दुपार नुकतीच टळली होती. दारात दोघं उभे राहिले. एक तिशीतला, हातात फोन. दुसरे साठीच्या पुढचे, नव्याकोऱ्या तपकिरी चामडी बुटांत, काचा पसरल्यासारखे जपून पाय टाकत आलेले. आणि चिडलेले.

"कारखाना बघायला जाऊ म्हणालात. कसला ते नाही बोललात, जावईबापू!"

"बाबा, तुम्ही विचारलंच नाहीत."

"मला वाटलं बिस्किटांचा. वास तसाच येत होता!"

दोन वाक्यांत मला नातं कळलं. सासरे आणि जावई. सासूबाई आणि लेक जहाजावरून उतरून बसने शहर बघायला गेल्या होत्या. सासऱ्यांनी आयुष्यभर दुधाच्या डेअरीत काम केलेलं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी कारखाना म्हटलं की पाय आपोआप वळायचे. तिथेच जावयाने त्यांना बरोबर पकडलं होतं.

"आलाच आहात तर टाक्या बघून जा," मालकीण म्हणाली. "पण बूट काढा. कुठला नंबर?"

"दहा," सासरे कुरकुरत म्हणाले.

माझ्या कानावर विश्वास बसेना! कोळ्याला झटकलं, आम्हाला खाली उतरवलं. सासऱ्यांनी ते तपकिरी बूट काढले, तर टाचेला हा एवढा फोड. लेकीने सहलीसाठी हौसेने घेऊन दिले होते म्हणून बिचारे सकाळपासून ओठ आवळून चालत होते. मग त्यांनी मला दोन्ही हातांनी धरलं, वरची कड बाहेर दुमडली, टाच आपटून पाय आत सारला आणि कड पुन्हा वर केली. हे सगळं न बघता. पाहुणे असं घालत नाहीत. पाहुणे भिंत धरून नाचतात. या पायाची सगळी हयात गमबुटात गेलेली होती, आणि आत आल्या आल्या त्यांचा अंगठा असा सैल पडला की काय सांगू!

एवढ्यात जावई दाराआड जाऊन फोनवर कुजबुजायला लागला. "नाही गं, अजून नाही सांगितलं... अगं, आल्या आल्या कसं सांगू? बाबांना दारूचा द सहन होत नाही, तुला माहितीये ना? ...हो बाई, जहाज सुटायच्या आत सांगतो. नोकरी सोडली, टाक्यांची ऑर्डर दिली, सगळं सांगतो. तू जेवताना पचकू नकोस म्हणजे झालं!"

अस्सं! म्हणजे या पठ्ठ्याला स्वतःचा बिअरचा कारखाना काढायचा होता, आणि बायकोच्या वडिलांना त्याचा पत्ताच नव्हता. ते हो म्हणाले तर घर एक, नाही म्हणाले तर लेकीचं माहेर एकीकडे आणि सासर दुसरीकडे. मला उगाचच धडधडायला लागलं. उजवा म्हणाला, आपल्याला काय करायचंय? मी म्हटलं, तू गप रे.

सासऱ्यांनी पेला हातात घेतला नाही. "मी घेत नाही," म्हणाले आणि हात मागे बांधून टाक्यांपाशी फिरू लागले. मालकीण एक रिकामी टाकी धुवायला लागली होती. टाकीच्या पोटाशी गोल झाकण होतं, त्यातून हात घालून ती लांब दांड्याच्या ब्रशने घासत होती. सासरे बघत राहिले. माझ्या आत अंगठा वर-खाली, वर-खाली. शेवटी राहवलंच नाही.

"वरचा कोपरा राहिला."

"तिथे हात पोचत नाही हो."

"हात नाही, मनगट पोचायला हवं. असं वळवून."

"मग घ्या," म्हणून तिने ब्रशच पुढे केला.

घेतला की! कोट काढून जावयाच्या अंगावर टाकला, बाह्या सारल्या आणि खांद्यापर्यंत टाकीत शिरले. दुधाचा थर कसा बसतो, रबराच्या कड्यामागे घाण कशी लपते, सोडा किती गरम लागतो, तोंडाचा पट्टा सुरू! मालकीणही कमी नव्हती, ती तिचं सांगत होती. सकाळपासून तोंड पाडून बसलेला माणूस तो हाच का, असं जावयाला वाटलं असणार. त्याच्या हातात पाण्याची नळी आली होती. "इकडे मार पाणी. अरे, इकडे! तिकडे काय झाडाला घालतोयस?"

जावईबापू आणि अहो-जाहो केव्हाच वाहून गेलं होतं.

जावयाला वाटलं, हीच वेळ. सासऱ्यांचं डोकं टाकीत, पाण्याचा धोधो आवाज, तोंड दिसत नाही. याहून सोपं कधी मिळणार? तो सगळा जीव एकवटून ओरडला, "बाबा, मी नोकरी सोडली! मी असाच बिअरचा कारखाना काढतोय!"

आणि नेमका त्याच क्षणी मालकिणीने नळ बंद केला.

कारखाना... कारखाना... टाकीतून आवाज घुमत राहिला. एवढी बोलघेवडी मालकीण, तीसुद्धा दुसरा ब्रश उचलून त्याचे केस मोजायला लागली. माझ्या आतला अंगठा ताठ झाला. असा ताठ की माझा रबर दुखला.

सासरे बाहेर आले नाहीत. आतूनच म्हणाले, "कोपरा अजून राहिलाय. पाणी सुरू करा."

उरलेली सगळी टाकी तशीच धुतली गेली. जावयाचा चेहरा बघवत नव्हता. त्याने नळी मात्र सोडली नाही. सासऱ्यांनी बोट दाखवलं तिथे पाणी, पुन्हा दाखवलं तिथे पुन्हा पाणी. भिजून चिंब झाला, पण एकदाही पुरे म्हणाला नाही.

आणि बंदरातून भोंगा वाजला.

"जहाज!" जावई किंचाळला.

मग जी धावपळ उडाली म्हणता! मालकिणीचा नवरा गाडी घेऊन गेलेला, त्यामुळे पायच खरे. ब्रश तिकडे, नळी तिकडे, कोट कसाबसा खांद्यावर, आणि दोघं सुटले. चामडी बूट दाराशी राहिले ते कुणाच्या लक्षातच नाही. मालकीण मागून ओरडत होती, पण ऐकतो कोण? जन्मात पहिल्यांदा मी गल्ली ओलांडली. भाजीची दुकानं, न्हाव्याची खुर्ची, पायऱ्या, चौक, उतार! फटाक फटाक फटाक! रस्ता इतका कोरडा असतो हे मला माहीतच नव्हतं. आणि गंमत म्हणजे सकाळी काचांवरून चालणारे सासरे पुढे, जावई धापा टाकत मागे.

"बाबा, हळू! पडाल!"

"हळू काय? जहाज काय तुझ्या सासऱ्याचं आहे थांबायला?"

जावयाला एवढ्या टेन्शनमध्येही हसू फुटलं. खलाशी जहाजाची शिडी उचलायच्या बेतात होते, तेवढ्यात आम्ही वर.

वरती सासूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. "अहो, हे काय पायात? आणि बूट कुठेत?" लेकीने नवऱ्याला बाजूला ओढलं. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"मग भोंगा वाजला."

त्या संध्याकाळी जहाजावर नटूनथटून जेवायचं होतं. सासऱ्यांनी सूट घातला, टाय बांधला, आणि बूट नव्हते म्हणून खाली आम्ही. टेबलाखाली बसून मी पायांच्या चारही जोड्या बघत होतो. जावयाचे एकमेकांत अडकलेले. लेकीचा एक पाय नवऱ्याच्या पायावर, धीर द्यायला.

"बाबा," लेक म्हणाली, "पुढच्या बंदरात तुम्हाला नवीन बूट घेऊ."

"आणि ही ध्यानं द्या समुद्रात फेकून," सासूबाई म्हणाल्या. "वास मारतायत."

कोरड्या रस्त्याचं सुख ते एवढंच होतं तर!

सासऱ्यांनी चमचा खाली ठेवला. "फेकायचे नाहीत. याच्या कारखान्यात जमीन काय कोरडी असणार आहे?"

"कसला कारखाना?" सासूबाई म्हणाल्या, आणि टेबलाखाली पायांच्या दोन जोड्या एकदम आखडल्या.

"सांगतो. आधी याच्याशी बोलू दे." सासरे जावयाकडे वळले. "नोकरी सोडलीस ते मला आवडलं नाही. न सांगता सोडलीस, ते त्याहून नाही. आणि दारूचा धंदा तर मला कधीच आवडणार नाही, कान उघडे ठेवून ऐक. पण आज मी तासभर तुझ्याकडून पाणी मारून घेतलं आणि तू एकदाही कंटाळला नाहीस. दोन वर्षं मी घरात नुसता खुर्चीवर बसून आहे रे. आज बरं वाटलं. तू बनव काय बनवायचं ते. टाक्या मी धुणार. तुला कोपरे दिसत नाहीत."

लेक रडायला लागली. जावयाचे अडकलेले पाय सुटले. वर काय चाललंय ते मला दिसत नव्हतं, पण माझ्या आतला अंगठा हळूच सैल झाला. सासूबाईंना मात्र सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि मग त्या एकेकाला जे बोलल्या, ते मी इथे सांगत नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मी जावयाच्या कारखान्यात राहतो, आणि टाक्या धुताना सासऱ्यांच्या पायात असतो. दाराशी खुंट्या आहेत, पाहुण्यांचे जोड आहेत, काम संपलं की मीही त्यांच्यातच टांगलेला असायचो, अगदी तिथल्यासारखंच. आमच्या जुन्या मालकिणीने मध्ये एक फोटो पाठवला. ते तपकिरी बूट तिच्या नवऱ्याला बरोब्बर बसले म्हणे. लग्नकार्यात घालून मिरवतो. म्हणजे त्याचाही पाय दहा नंबरचा, पण मला कधी घालून बघितलं नाही! असो, मिरवू दे.

मी आता थकलो. टाचेला चीर गेली, तिथून पाणी शिरतं. परवा जावई नवा जोड घेऊन आला. दहा नंबर, काळाभोर, चकचकीत. सासऱ्यांसमोर ठेवून म्हणाला, "बाबा, हे घ्या आता. ते जुने टाकू या."

सासऱ्यांनी नवा जोड हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि उचलून पाहुण्यांच्या खुंटीवर टांगला. मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून माझ्या टाचेवर चिकटवला आणि मला स्वतःच्या खुंटीवर, त्यांच्या कामाच्या शर्टाशेजारी ठेवलं. हयातभर मी पाहुण्यांचा गमबूट होतो. परवापासून नाही.

तुमच्या घरी असा एखादा फाटका जोड दाराआड पडला असेल, तर टाकण्याआधी एकदा विचारा, तो कुणाच्या पायातला आहे. आणि घालणारा घरात नुसता बसून असेल, तर त्याच्या हातात एखादा ब्रश द्या.

बरं, आता पुरे. टाकी रिकामी झालीये, सासरे खोकत खोकत येतायत. दुमडली माझी कड. आला अंगठा आत. सैल आहे.