टोचतंय का?

मी गिऱ्हाइकांशी तुसडेपणाने वागतो, हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. दुखऱ्या हातापायांसाठी आधार बनवणं हा माझा धंदा. कुणी "इथे टोचतंय हो" म्हणून कुरकुरलं की मी म्हणायचो, "टोचू दे. त्याशिवाय हाड सरळ राहत नाही." लोक तोंड वाकडं करून जायचे आणि दोन महिन्यांनी सरळ चालत यायचे.

मग माझी धाकटी बहीण पडली. ती घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचते. एका जिन्यावर तिचं पाऊल मुडपलं. प्लास्टर निघालं तरी पाय टेकवला की घोटा बाहेर कलंडायचा. ऑफिसने आठ आठवड्यांची मुदत दिली. त्यानंतर साहेबांसमोर चार मजले चढून दाखवायचे, नाहीतर नोकरी गेली. तिच्या घरात कमावणारी ती एकटीच.

मी जीव ओतून आधार बनवला. दोन बाजूंना प्लास्टिकच्या पट्ट्या, आत फोम, वर तीन पट्टे. आंघोळीच्या वेळी सहज काढता यावा असा. बाहेरची पट्टी मुद्दाम घट्ट ठेवली, घोटा कलला की तिने अडवावा म्हणून.

तो घालून ती चार पावलं चालली आणि गप्प बसली. लहानपणापासून घर डोक्यावर घेणारी ही पोरगी गप्प बसली की माझं काही खरं नसतं.

"टोचतंय का?"

"थोडंसंच रे, दादा."

मी पट्टी गरम केली आणि हाडाजवळ जराशी बाहेर दाबली. पुढच्या आठवड्यात पुन्हा थोडंसं. त्याच्या पुढच्या आठवड्यातही.

"गिऱ्हाइकांना तर खाऊन टाकतोस. माझ्यावर एवढी मेहेरबानी का?"

"गिऱ्हाईक घरी जातं. तू जन्मभर माझं डोकं खाशील."

सातव्या आठवड्यात ती म्हणाली, आता अजिबात टोचत नाही. मला केवढा आनंद झाला. खरं तर तेव्हाच काळजात धस्स व्हायला हवं होतं. तीस वर्षं या धंद्यात काढली होती मी.

साहेबांसमोर जाण्याआधी तिला दवाखान्यात दाखवायला नेलं. डॉक्टरांनी तिचा पाय बराच वेळ तपासला. मग रिकामा आधार टेबलावर उभा ठेवला. तो बाहेरच्या बाजूला कलला होता.

"कुणी बनवला हा?"

"मी."

"पाय सरळ करायचा सोडून तुम्ही आधारच पायासारखा वाकडा केलात. घोटा आता तसाच जुळून आलाय. ऑपरेशन केलं तरी जिने चढण्याचं काम जमायचं नाही."

धाकटीने आधार पुन्हा पायात चढवला आणि पट्टे आवळले. दवाखान्याचा जिना ती माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरू लागली, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. चौथ्या पायरीवर थांबली. सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "टोचतंय का?"

"नाही रे," ती म्हणाली. "अगदी बरोबर बसलाय."